सुलटी बाजू

कमळाने चित्राला नख लावलं आणि टक्क असा आवाज आला.

तिने पुन्हा लावलं. पुन्हा टक्क. प्लास्टिकच्या बादलीवर नख मारावं तसा कोरडा, पोकळ आवाज. हे चित्र असा आवाज करत नसे. त्याला हात लावला तर शेजारच्या खोलीत कुणी रेशमी लुगड्याची घडी मोडतंय असं वाटायचं, तेही कान देऊन ऐकलं तर. वरून खाली बोट नेलं तर मऊ लागायचं, खालून वर नेलं तर बोचायचं, जित्या माशाच्या अंगासारखं. आता बोट कुठूनही कुठेही नुसतं घसरत होतं. तिने हात मागे घेतला आणि पदराला पुसला, का ते तिचं तिला कळलं नाही. नव्या सभागृहात रंगाचा ताजा वास कोंडला होता, खुर्च्यांवरची प्लास्टिकची वेष्टणं अजून निघाली नव्हती, आणि तिच्या पाठीमागे तिचा पुतण्या नितेश कमरेवर हात ठेवून उभा होता. शाबासकीची वाट बघत. लहानपणी वाडीतल्या बावीतून भरलेली कळशी एकट्याने आणली की असाच उभा राहायचा.

"काय काकी? ओळखलंस तरी का तुझंच चित्र?"

"काय केलंस रे?"

"फायबर मारलंय. होडीला मारतो ना, त्यातलंच, पण हे भारीतलं, काचेसारखं. हूक लावायला कारखान्यात नेलं होतं ना, म्हटलं हे पण करून टाकूया. आता खार लागू दे, दमट लागू दे, पोरांनी हात लावू दे. तू आणि मी जाऊ, हे नाय जायचं."

सभागृहाचं सगळं बघणारी दिशा कानावरचा मोबाइल खाली करत आली. मुलगी हुशार होती, वागायला गोड होती, आणि कमळाला तिचा राग येण्यासारखं तिने कधीच काही केलं नव्हतं, हीच अडचण होती. "आजी, काय शाईन आलीये बघा! मीच म्हटलेलं नितेशदादांना, की समुद्र इतका जवळ, हे टिकेल ना? तर म्हणाले, सोडा माझ्यावर." चित्राखाली तिने चकचकीत पाटीही लावून ठेवली होती. 'टाकाऊतून टिकाऊ. मासळीच्या खवल्यांतून साकारलेला समुद्र.'

"पाणी आहे का गो इथं?" कमळा म्हणाली.

दिशाने बाटली आणून दिली. कमळा ती उभ्याउभ्याच प्याली, आणि पाणी घशाखाली उतरेपर्यंत तिला तेवढा वेळ मिळाला. तेवढ्या वेळात ओरडता आलं असतं. पण ओरडायचं काय, ते सापडेना. मेल्या, तू माणूस पुरलास, असं ओरडायला हवं होतं. ते ऐकून नितेशने तिला खुर्चीत बसवलं असतं आणि दिशाने पंखा लावला असता.

"नाव घालायचं राहिलंय," ती म्हणाली. "घरी घेऊन चल."

"अगो, मार्करने घाल की इथंच. उद्या उद्घाटन आहे."

"घरी घालते म्हटलं ना!"

नितेश दिशाकडे बघून हसला. म्हातारं माणूस आहे, चालायचंच, असं ते हसणं. मग त्याने आणि वॉचमनने मिळून चित्र खाली उतरवलं, टेम्पोत घातलं, आणि कमळा पुढे त्याच्या शेजारी बसली. वाटेत तो त्या काचेसारख्या रेझिनबद्दल बोलत राहिला. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत त्याची होड्यांना फायबर मारायची शेड होती. लाकडी होडी घेऊन आलेला माणूस आधी कसा कां कूं करतो, लाकूड ते लाकूड म्हणतो, आणि एकदा फायबर मारून घेतलं की पुन्हा लाकडाचं नाव कसं काढत नाही, हे त्याने तिला याआधीही पुष्कळदा सांगितलं होतं. त्याचं खोटं नव्हतं. होडी फुगते, फुटते, तिला कीड लागते. त्याच्या घराण्यात पाण्याने खाल्लेलं लाकूड बघत बघतच माणसं म्हातारी झाली होती. ज्याच्यावर माया, त्याला फायबर मारायचं, एवढं साधं होतं त्याचं. खिडकीतून वारा येत होता. सकाळचा, जमिनीकडून येणारा मतलई वारा, माघातला, कोरडा, गवताचा वास असलेला. कमळाला त्या वाऱ्याची आता शिसारी आली. हा वारा लागायचा तो याच चित्राला. आता फुकट वाहत होता.

मांडवीच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, चित्राच्या नेहमीच्या जागी, नितेशने ते टेकवून ठेवलं. दुपारी न्यायला येतो म्हणाला. दारातून परत वळला. "काकी, बरी आहेस ना? चेहरा का असा?"

"बरी आहे. जा तू."

दार लागल्यावर ती चित्रासमोरच्या वेताच्या खुर्चीत बसली. सवयीने. सकाळची ही तिची वेळ होती, खरं म्हणजे त्याची. तीन बाजूंनी उघड्या गॅलरीत मतलई वारा शिरे, आणि चित्रावरची खवलं एकेक करून वळू लागत. माशाचं खवलं सुकलं की आत वळतं, दमट झालं की पुन्हा पसरतं. हे कोळणीच्या पोरालाही ठाऊक आहे, त्यात शोध कसला. पण कमळाने प्रत्येक खवलं नुसतं मुळाशी चिकटवलं होतं, चिंचोक्याच्या खळीच्या एका टिपक्याने, आणि बाकीचं मोकळं सोडलं होतं. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की सगळी खवलं अंग टाकून सपाट पसरत, आणि मग चित्रात नुसतं पाणी असे. रावसाची रुपेरी, जिताड्याची करडी, तांबोशीची गुलाबी छटेची, लाटेमागून लाट. लोकांनी पाहिलं होतं ते हे चित्र. पण सकाळी, कोरड्या वाऱ्यात, खवलं वळली की त्यांच्या मधल्या फटी उघडत, आणि खाली प्लायवूडवर जांभ्या चिऱ्याच्या तांबड्या भुग्याने रंगवलेला माणूस हळूहळू वर येई. आधी खांदा. मग पाठ. मग लांब ढांगा टाकणारे पाय. पाठमोरा, पाण्याच्या कडेने चाललेला, डावा खांदा उतरलेला. ऊन चढेपर्यंत तो असायचा. खारा वारा आला की पाण्यात जायचा.

त्याला डावा खांदा उतरता होता, कारण बोटीवर जाताना तो बॅग नेहमी त्याच खांद्यावर घ्यायचा, आणि बॅग नसली तरी तो खांदा पुढे पुढे तसाच राहू लागला. आत्माराम. मालवाहू जहाजावर खलाशी, मग खलाशांवरचा बोसन. लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत कमळाने नवऱ्याचा चेहरा जितका पाहिला, त्याहून पाठ जास्त पाहिली. तो यायचा तेव्हा बहुधा ती शाळेत असायची, घरी येऊन बघते तो हा आंघोळ करून जेवायला बसलेला. जायचा मात्र नेहमी सकाळी, तिच्यादेखत, मतलई वाऱ्याच्या वेळेला, आणि ती खिडकीत उभी राहून पाठ बघायची. गणपतीला तो कधीच आला नाही. सगळ्या आळीतले चाकरमानी मुंबईहून भरभरून यायचे, घराघरांत पुरुषांचे आवाज, आरत्या, पत्ते, आणि त्यांच्या घरी सासरा आणि धाकटा दीर. आत्मारामची सुट्टी कधी पौषात पडे, कधी वैशाखात, गणपतीत म्हणून नाही. चित्रानेही त्याचीच खोड उचलली होती. मुलगा सुजय आणि सून गणपतीला यायची, घर भरायचं, सगळी गॅलरीत येऊन चित्र बघायची, वा आई, छान आई. पण भाद्रपदाच्या त्या दमट हवेत खवलं दिवसचे दिवस हलत नसत. आत्माराम यायचाच नाही. कमळा मनात हसायची आणि कुणाला सांगायची नाही.

का नाही सांगितलं? आता खुर्चीत बसल्याबसल्या ती स्वतःशीच भांडू लागली. सांगितलं असतं तर नितेशने फायबर मारलं नसतं. पण सांगितल्यावर बघण्यात काय राहिलं असतं? हा बघा खांदा, हे बघा पाय, असं म्हणत हातात छडी घेऊन दाखवायचं? तो तिने जन्मभर केलेला धंदा होता. मुलींच्या शाळेत ती कार्यानुभव शिकवायची. करवंटीचं कासव, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, जुन्या लग्नपत्रिकांचे आकाशकंदील, बाटलीला सुतळी गुंडाळून फुलदाणी. तासाच्या सुरुवातीला ती स्वतःच फळ्यावर लिहायची, टाकाऊतून टिकाऊ, आणि खाली ठसठशीत रेघ ओढायची. तेव्हा ते शब्द चावत नव्हते. पोरींचे हात चालत, डिंकाने वेण्या चिकटत, तास संपे. पण निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी गाव तिला त्या तासातून बाहेर सोडत नव्हतं. तिने भाताच्या कोंड्याने, आंब्याच्या कोयींच्या केसरांनी, जाळ्याच्या सुतळीने चित्रं केली, कुठे कुठे ती लागली, दोनदा शाल मिळाली, आणि दर वेळी सूत्रसंचालन करणारी बाई तेच म्हणाली. विरंगुळा म्हणाली. या वयातही म्हणाली. सोसायटीतली माणसं तिच्या दाराशी पिशव्या आणून ठेवू लागली. बाटल्यांची झाकणं, दुधाच्या रिकाम्या पिशव्या, मोडक्या छत्र्यांच्या काड्या. 'बाई, तुम्हाला उपयोगी पडेल.' एकदा खालच्या मजल्यावरच्या माणसाने बिघडलेला मिक्सर ठेवला. तिला तो दारातच फोडावासा वाटला. खवलं कुठे टाकाऊ होती? माशाने ती आयुष्यभर अंगावर वागवली होती.

खवल्यांचा नाद लागला तो आत्माराम गेल्यानंतर. निवृत्त होऊन तो घरी आला तेव्हा तिला वाटलं होतं, आला एकदाचा. पण घरात असूनही तो या वेताच्या खुर्चीत समुद्राकडे तोंड करून बसायचा, आणि स्वयंपाकघरातून तिला दिसायची ती पुन्हा पाठच. पुढचा उन्हाळा काही त्याने बघितला नाही. सुतक, वर्षश्राद्ध सगळं झाल्यावर तिने पहिल्यांदा मासा आणला, रावस. मोरीत बसून साफ करताना एक खवलं मनगटाला चिकटलं ते तसंच राहिलं. दुपारी बघते तर ते सुकून वळलेलं, नखासारखं. तिने पाण्याचा थेंब टाकला. ते उघडलं. पुन्हा उन्हात धरलं, वळलं. पुन्हा थेंब. दिवे लागेपर्यंत ती मोरीच्या उंबऱ्यावर बसून तेच करत राहिली होती, आणि कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, गेली कामातून.

मग बंदरावरच्या सखूने तिच्यासाठी खवलं राखून ठेवायला सुरुवात केली. सखूची कोयती चालायची आणि तोंड त्याहून जोरात. "ये बाय, ये. लोकं मासा नेतात, तू त्याचा सदरा ने." मोठं जिताडं आलं की लांबूनच हाक. "कमळाताई, आज नवरामुलगा आलाय बघ, अंगभर जरीचा!" एकदा तिने विचारलं होतं, "काय करतेस गो एवढ्यांचं?" कमळा म्हणाली, "समुद्र." त्यावर सखू पोट धरून हसली होती. "समुद्राला घाल हो अंगडं! तो उघडाच होता मेला." तेवढं एकच माणूस, ज्याने टिकेल का म्हणून विचारलं नव्हतं.

वारा पडत चालला होता. चित्र समोर होतं. चकचकीत, आणि त्या चकाकीत गॅलरीचे गज उमटले होते, मागची दोरी, दोरीवरचा तिचा परकर, आणि खुर्चीत बसलेली ती. बघायला गेलं की तीच दिसायची. तिने मान तिरकी करून पाहिलं, खाली वाकून पाहिलं. एका खवल्याची कड उचलली जाईल म्हणून डोळे ताणून बसली. काही नाही. खवलं सपाट, गच्च, आपापल्या जागी. म्हणजे नितेशने खवलं पसरलेली असताना मारलं असणार. तिने फोन लावला.

"नितेश, कधी मारलंस रे ते?"

"काय कधी?"

"फायबर. सकाळी की दुपारी?"

"काल दुपारी. जेवून आलो नि मारलं. का गो?"

"सकाळी मारायचं होतंस."

तिकडे ग्राइंडरचा आवाज येत होता. तो बंद झाला. "सकाळी नि दुपारी काय फरक? सुकतं ते सुकतं."

"त्याच्यात माणूस होता."

"कशात?"

"चित्रात. खवल्यांच्या खाली. सकाळी दिसायचा."

नितेश शेडच्या बाहेर आला असावा, मागचे आवाज कमी झाले. मग अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "काकी, तू जेवलीस का?"

"मेल्या, मला वेड नाय लागलेलं!"

"मी कुठं म्हटलं? पण माणूस होता तर सांगायचंस ना. इतक्या वेळा येतो तुझ्याकडे, मला नाय कधी दिसला. आधी सांगितलं असतंस तर... मी आपला तुझं काम टिकावं म्हणून. कारखान्यातलं काम बाजूला ठेवून केलं. पोरांना हातसुद्धा लावू दिला नाय, स्वतः ब्रश घेतला." त्याचा आवाज चिरकला. "तुझ्यासाठी काय करायचं म्हटलं तरी चुकतंच."

तिने फोन ठेवला. त्याचं बरोबर होतं. तो यायचा तेव्हा दुपारच असायची, कामावरून जेवायला घरी जाताना. चहा प्यायचा, चित्राकडे बघून, लाटा मस्त जमल्यात म्हणायचा. कुणीच सकाळी यायचं नाही. सकाळी माणसांना कामं असतात. म्हणून तर तिने ते सभागृहाला द्यायचं कबूल केलं होतं. भिंत तिने स्वतः निवडली होती. पूर्वेच्या दारासमोरची, समुद्राच्या खिडक्यांच्या मधली, दोन्ही वारे लागतील अशी. दिशा म्हणत होती आत एसीत लावूया, तेव्हा ती लहान मुलीसारखी हट्टाला पेटली होती. सभागृह सकाळपासून उघडं राहणार होतं. कधीतरी, माघात किंवा फाल्गुनात, झाडू मारणारी बाई का असेना, कुणी वर बघणार होतं आणि म्हणणार होतं, अगो, हा कोण आला? एवढंच हवं होतं तिला. पाटी नको, नाव नको. तिने न सांगता कुणीतरी त्याला बघावं. एकटीने बघून बघून तिला हल्ली शंका येऊ लागली होती, की तो खरंच उमटतो, की आपणच उमटवतो. आता ती शंका कुणी फेडायची? उद्या नारळ फुटेल, फोटो निघतील, समुद्र चकाकत राहील, पन्नास वर्षं, शंभर वर्षं, आणि त्याच्या तळाशी तो, पाय उचललेला, कधीच वर न येणारा.

त्याला तिने पहिल्यांदा नीट पाहिलं ते सासरी, पूर्णगडला. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. पहाटेची ती खाली किनाऱ्यावर गेली होती, सासरच्या भरल्या घरात रडायला जागा नव्हती म्हणून. भरती ओसरून गेलेली, ओली वाळू आरशासारखी, आणि लांब टोकाला एक माणूस. धुकट उजेडात तो येतोय की जातोय ते कळेना. तिला वाटलं येतोय, म्हणून डोळे पुसून तिने पदर सावरला. मग वाटलं जातोय. मग पुन्हा येतोय. तो ना मोठा होत होता, ना लहान. ती तशीच उभी राहिली, उजाडलं, आणि मग कळलं की तो येतही नव्हता आणि जातही नव्हता, नुसता उभा होता. तिचा नवरा होता तो. तिच्या मागून निघून, तिला दिसू नये म्हणून लांबून वळसा घालून पुढे गेलेला आणि तिचं रडून होईपर्यंत थांबलेला. त्याबद्दल तो पुढे कधी एका शब्दाने बोलला नाही. तिनेही विचारलं नाही. पण पुढे इतकी वर्षं त्याची पाठ बघताना तिच्या मनात तेच असायचं. नीट उजाडलं की कळेल, उभाच आहे.

ती उठली. स्वयंपाकघरात जाऊन पातेलंभर पाणी तापत ठेवलं आणि फळीवरची मासे साफ करायची बोथट सुरी घेतली. काय करणार आहोत हे तिला ठाऊक नव्हतं. फोडायचं, खरवडायचं, एवढंच हातांना ठाऊक होतं. चित्र तिने जमिनीवर आडवं केलं, गुडघे दुखतात ते विसरून त्याच्याशेजारी बसली आणि मासा साफ करताना शेपटीकडून डोक्याकडे नेतात तशी सुरी उलटी चालवली. खर्र. सुरी नुसती घसरली, पांढरा ओरखडा उठला. पुन्हा खर्र. डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं. "काय मारून ठेवलंस रे मेल्या," ती मोठ्याने म्हणाली, "काय मारून ठेवलंस!" मग सुरीचं टोक कडेच्या फटीत गेलं. तिथे रेझिन आणि प्लायवूड यांच्यामध्ये खवल्यांच्या मुळाशी तिची खळ होती, चिंचोक्याची, घरी शिजवलेली. सुरी फिरवली तशी कड जराशी उचलली गेली आणि तिचा हात थांबला. खळ पाण्याची भुकेली असते. शाळेत पोरी जास्त पाणी घालायच्या आणि कागद सुटायचे, म्हणून किती ओरडली असेल ती. तिने गरम पाण्यात जुनं लुगड्याचं फडकं बुडवलं, कडेच्या फटीत कोंबलं आणि वाट बघत बसली. मग सुरी आणखी आत. मग फडकं. मग सुरी. ऊन गॅलरीतून सरकलं, कुणीतरी बेल वाजवून कंटाळून गेलं, भाताला हातही लागला नव्हता. चित्र एका कडेने सुटत चाललं होतं, जून फणसाच्या सालीसारखं चिवटपणे, आणि तिला कळत होतं की खवलं आता रेझिनला धरली आहेत, लाकडाला नाही. प्लायवूड उघडं पडत होतं. नुसतं लाकूड. तिने रंगवलेल्या माणसाच्या जागेशी सुरी आली तेव्हा तिने ओलं फडकं बाजूला टाकलं. भुगा खळीतच कालवला होता. पाणी लागलं की तो वाहून जायचा. पण आता थांबता येत नव्हतं. तिने डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी धरून ओढलं.

चर्र असा आवाज झाला आणि सगळाच्या सगळा पापुद्रा हातात आला. ती मागे भिंतीवर आपटली. लाकडावर माणूस नव्हता. तिथे खळीचे डाग होते आणि किंचित तांबूस ओल. ते बघत ती बसून राहिली. गेला. खरवडून काढला आपण. नितेशने पुरला होता, निदान होता तरी. आपण तोही घालवला. तिला रडू येईना. पापुद्रा मांडीवर पडला होता, तो बाजूला सारावा म्हणून तिने उचलला, आणि गॅलरीच्या उजेडासमोर तो आपसूक आला.

आरपार दिसत होतं. हजार खवल्यांतून उजेड झिरपत होता, दुधाळ, करडा, गुलाबी, आणि त्या पाण्याच्या अलीकडे, तिच्या बाजूला, तांबडा गर्द माणूस उभा होता. फटीफटींतून खाली उतरलेल्या रेझिनने भुगा शोषून घेतला होता. लाकडाने सोडलेला माणूस खवल्यांनी धरला होता. कणन् कण. तिने नाक लागेल इतका जवळ नेला. चिऱ्याचा वास नव्हता, कसलाच वास नव्हता. पण काहीतरी वेगळं होतं, आणि ते कळायला तिला वेळ लागला. उतरता डावा खांदा आता तिच्या उजव्या हाताला आला होता, समोरून येणाऱ्या माणसाचा येतो तसा. चित्राची ही मागची बाजू. मागून बघितल्यावर पाठमोरा माणूस पाठमोरा राहिला नव्हता. समुद्र त्याच्या मागे गेला होता, आणि तोंड तिच्याकडे झालं होतं.

आपल्याकडच्या किल्लीने दार उघडून नितेश आत आला तो गॅलरीच्या उंबऱ्यावर थबकला. फरशीवर पाणी, फडकी, सुरी, उघडं प्लायवूड, आणि मधे काकी, केस सुटलेले, हातात त्याने मारलेलं फायबर.

"अगो काकी!" त्याने कपाळावर हात मारला. "काय केलंस हे? सगळं सोलून काढलंस? उद्या नारळ फोडायचाय, दिशा माझा जीव खाईल! हे आता मी..."

तो बोलता बोलता थांबला. कमळाने वर बघितलं नाही. पापुद्रा तिने तसाच उजेडासमोर धरून ठेवला. नितेश जवळ आला. खाली वाकला. पुन्हा सरळ झाला, दोन पावलं मागे गेला.

"हा खांदा," तो म्हणाला. मग तिच्याकडे बघून, "आत्माकाका?"

तिला वाटलं होतं, कुणी असं म्हणेल तेव्हा आपल्याला काहीतरी होईल. तसं काही झालं नाही. तिला फक्त भूक लागल्याचं जाणवलं. आणि कमरेत कळ आली.

"धर जरा," ती म्हणाली. "हात भरून आले."

नितेशने दोन्ही टोकं धरली, होडीची फळी धरावी तशी, जपून. तो बघत होता. एकदा या बाजूने, मग मान वळवून पलीकडून, चकचकीत बाजूने, जिथे नुसता समुद्र होता. पुन्हा अलीकडून. कारखान्यात तयार होडी साच्यातून काढतात तेव्हा तो असाच फिरून बघत असेल. "फ्रेम करावी लागेल," तो स्वतःशी म्हणाला. "भिंतीला नको. खिडकीत उभं करायला पाहिजे." मग तिच्याकडे वळला. "काकी, पण ह्याची सुलटी बाजू कुठली?"

चिडून बोलायला तिने तोंड उघडलं. इतक्या वेळचं सगळं त्या तोंडात होतं. दिशाची पाटी, शाली, मिक्सर, फुकट गेलेली ही आजची सकाळ आणि यापुढच्या सगळ्याच सकाळी. एवढंही कळत नाही का, असं म्हणणार होती. पण तिलाही ते कळत नव्हतं.

समुद्राकडून वारा सुटला. दोरीवरचा परकर हलला, ओल्या फडक्याचं टोक उडालं, नितेशच्या कपाळावरचे केस मागे गेले. ही आत्मारामची पाण्यात जायची वेळ. कमळा सवयीने बघत राहिली. एकही खवलं हललं नाही. तो तिथेच उभा होता.